पैसे देऊन तंबूतली रात्र

आमच्या माणदेशात उघड्यावर झोपण्याचे कौतुक सांगायला गेलो तर ऐकणारा हसेल. शाळूच्या कणसात दाणा भरला की राखणीला माळ्यावरची झोप ठरलेली. मेंढरांमागे जाणाऱ्याला आभाळ हेच छप्पर. ऊसतोडीला गेलेले जोडपे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढते आणि तिथेच त्यांची पोरे रांगायला शिकतात. घराबाहेरची रात्र म्हणजे आपल्याकडे एक तर काम, नाही तर अडचण. तिच्यासाठी कोणी माणशी हजार-बाराशे रुपये मोजील आणि वर 'फार मजा आली' म्हणेल, हे आपल्या आजीला पटले नसते.

पण मुंबईच्या उपनगरांतून दर शनिवारी अशी माणसे निघतात. कोणी अलिबागकडे, कोणी मुरूड-श्रीवर्धनला, कोणी डहाणूला. चौघे-पाचजण गाडी काढतात, समुद्राकाठच्या रस्त्याने जातात, रात्री तंबूत झोपतात आणि रविवारी संध्याकाळी परत आपल्या चौथ्या-सातव्या मजल्यावर. हा नवा धंदा ज्यांच्या जमिनीवर चालतो ते तुमच्या-आमच्यासारखे शेतकरी, वाडीवाले. म्हणून त्याची बरी-वाईट बाजू या पानावर यायला हवी, असे बरेच दिवस मनात होते. गेल्या माघात योग आला.

माझे चार वर्गमित्र मुंबईत आहेत. चौघे एकाच गावचे, एकाच शाळेचे. आता ते एकमेकांना गावच्या नावाने हाक मारत नाहीत, उपनगराच्या नावाने मारतात. घाटकोपरकर माथाडी कामगार होता, आता घरी असतो. अंधेरीकराने तिथल्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे लेथ मशीन चालवले. बोरिवलीकर बँकेत कारकून होता. मुलुंडकर शाळामास्तर, आणि गाडी त्याची. मला निरोप आला, "तू फक्त घोंगडी घेऊन ये, बाकी आम्ही बघतो."

पहाटे मुलुंडहून निघालो. ऐरोलीचा पूल ओलांडून पनवेल, मग पेण. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळलो. इथून पुढे दोन्ही अंगांना भाताची खाचरे आणि खाडीचे पाणी अडवणारे बांध. याच रस्त्याच्या आसपास चरी हे गाव आहे. तिथल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. सहा वर्षे शेत पडीक ठेवून, लाकडे विकून, मिळेल ती मजुरी करून घरे चालवली, पण माघार घेतली नाही. आपल्या सातबाऱ्यावर आज जे कुळाचे नाव लागते त्याच्या पाठीमागे या गावाचे उपास आहेत. रस्त्याने गाड्या भरधाव जातात. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे. आमच्या मास्तराला होते. त्याने गाडी थांबवली, आम्ही खाली उतरून बांधावर पाच मिनिटे उभे राहिलो.

पुढे कार्लेखिंडीच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. भात निघाल्यावर त्याच खाचरात हा कांदा लावतात. पातीसकट वेणी घालून माळ करतात आणि रस्त्यावर बसून घरच्या बायकाच विकतात. तिखटपणा कमी, गोडी जास्त. अलिबागच्या या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे दुसऱ्या मुलखातल्या कांद्याला ते नाव लावता येत नाही. आपल्या नाशिककडे ट्रॅक्टरभर कांदा ओतून माणूस भावाकडे बघत बसतो आणि इथे एक माळ हातात धरून बाई भाव सांगते. माल किती पिकतो यातला फरक मोठा आहे हे खरे, तरी ते बघून मला बरे वाटले.

अलिबागच्या पुढे नागाव, चौल, रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता एवढा अरुंद की समोरून एसटी आली तर एकाने मागे सरायचे. रेवदंड्याची खाडी पुलावरून ओलांडली की कोर्लई. तिथे पोर्तुगिजांचा किल्ला आहे, आणि किल्ल्याखालच्या वस्तीत काही घरांत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची एक बोली बोलतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली तरी बोली राहिली. त्यानंतर एका वळणाला एकदम सगळा समुद्र उघडा पडतो. घाटकोपरकर आयुष्यभर मुंबईत राहिलेला, पण त्या वळणाला तोच म्हणाला, "थांबव रे जरा." त्याची खोली डोंगराच्या उतारावर. समुद्र म्हणजे त्याला वर्षातून एकदा गणपती बुडवायला जायची जागा.

काशीद आणि मुरूड यांच्या मधल्या एका गावात आमची सोय होती. सव्वा एकराची वाडी, समोर सुरूचे बन, त्यापलीकडे वाळू आणि पाणी. वाडीवाले दादा पन्नाशीचे. वहिनी बोलायला मोकळ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळले, हे तुम्ही वाचले असेल. त्या दुपारी दादांच्या वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. आजोबांनी लावलेले नारळ मुळासकट गेले. शेतात पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. पोफळ आज लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षे. तेवढा काळ खायचे काय? सरकारी मदत मिळाली, तीही झाडे उचलण्यात आणि घरावर पत्रे घालण्यात संपली. त्याच सुमाराला मुंबईचे दोन जण वाडी विकत घ्यायला येऊन गेले. दादा सांगत होते, "आकडा ऐकून रात्रभर झोप नाही आली. सकाळी हिला विचारलं. ही म्हणाली, वाडी विकून आपण राहायचं कुठं, तुमच्या त्या मुंबईला?"

मग वाडीच्या मोकळ्या झालेल्या भागात त्यांनी सहा तंबू आणले. झाड मेले त्या जागी तंबू उभा राहिला. आता नवी रोपे पुरुषभर झाली आहेत, त्यांच्या मधून दोऱ्या ताणाव्या लागतात.

तंबू उभारायचे काम आमच्या मुंबईकरांनी हौसेने अंगावर घेतले. मास्तरांनी कागद उघडून सूचना वाचल्या, अंधेरीकराने नळ्या जोडल्या, आणि खुंट्या ठोकल्या तर त्या वाळवट जमिनीतून लोण्यातून निघाल्यासारख्या वर यायच्या. दादांनी हसत रिकाम्या खताच्या पिशव्या आणून दिल्या. पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि हातभर खड्ड्यात आडवी पुरायची. मग बैल बांधला तरी हलत नाही. दुसरी गोष्ट वाऱ्याची. सगळ्यांना दार समुद्राकडे हवे होते. दिवसा वारा समुद्राकडून येतो, पण रात्री जमीन गार झाली की तो उलटतो आणि डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत आपण खारे वारे, मतलई वारे असे पाठ केले होते ते हेच. म्हणून दोन्ही अंगांच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. घट्ट बंद केले तर माणसांच्या श्वासाची वाफ कापडाला लागते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात.

संध्याकाळी पोपटी लावली. रायगडकडची ही रीत आपल्या हुरड्याची सख्खी बहीण. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, वांगी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी किंवा अंडी रचतात, तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरतात आणि मडके पालथे घालून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवतात. पाण्याचा एक थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलीवरच सगळे शिजते. शिजले की नाही ते बघायला तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्रकन वाफ झाली की झाले. भांबुर्डीचा वास शेंगांत उतरतो तो सांगून कळायचा नाही. आमच्या पाचजणांत बारा जणांचे मडके संपले.

त्या शेकोटीपाशी बोरिवलीकराने एक गोष्ट काढली. १९५० साली मुंबईची हद्द वाढून अंधेरी आणि घाटकोपर तिच्यात आले, १९५७ साली बोरिवली आणि मुलुंड आले. त्याआधी ही साष्टीची गावेच होती. भाताची खाचरे, मिठागरे, चिंचेची झाडे. बोरिवलीत आजही एक्सर, शिंपोली, मागाठाणे ही गावठाणे इमारतींच्या मधे दबून उभी आहेत. एक्सरला तर जुने वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. "माझ्या इमारतीखाली कोणाचं तरी खाचर आहे," तो म्हणाला. "आमच्या शेजारी एक म्हातारे होते. लहानपणी तिथं बेडूक ओरडायचे म्हणून सांगायचे. त्यांच्या वडिलांनी गुंठा-गुंठा करून विकलं, आणि नातवाला त्याच जागेवर भाड्याची खोली घ्यावी लागली." दादा काही बोलले नाहीत. निखारे सारखे करत राहिले.

आता त्या रात्रीचा मुख्य प्रसंग. सूर्य बुडायच्या सुमाराला दोन मोटारी सुरूच्या बनातून थेट वाळूवर उतरल्या. सात-आठ तरुण मुले, तीही उपनगरांतलीच. पाणी खूप आत गेले होते, ओल्या-कोरड्या वाळूचे मैदान पसरले होते. तिथेच त्यांनी तंबू ठोकले आणि गाणी लावली. दादा विजेरी घेऊन गेले, समजावून आले. मुले म्हणाली, "काका, पाणी केवढं लांब आहे!"

दादांनी आम्हांला त्यांचा हिशेब सांगितला. तो मी मुद्दाम इथे देतो, कारण पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर आपल्या घरोघरी असते. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जो आकडा येईल तो पूर्ण भरतीचा तास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. त्या दिवशी वद्य द्वितीया होती. बे त्रिक सहा, सहाला चाराने भागले की दीड. दुपारी दीडला एक भरती होऊन गेली, रात्री दीडच्या पुढेमागे दुसरी येणार. मधे सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेआठला, पूर्ण ओहोटी. मुलांनी जागा निवडली ती नेमकी ओहोटीच्या वेळी. शिवाय पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि तितकेच जास्त मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी. जागेप्रमाणे अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण परक्या माणसाला एवढे गणित आले तरी जीव वाचतो.

साडेबाराला आरडाओरड झाली. चांदणे लख्ख होते. पाणी तंबूंच्या दोऱ्यांपर्यंत आले होते आणि एक मोटार चाकाच्या निम्म्यापर्यंत वाळूत रुतली होती. मुले ती ढकलत होती, चाक फिरवले की आणखी खाली जात होती. दादांनी गावात फोन लावला. दहा मिनिटांत एकजण ट्रॅक्टर घेऊन आला, झोपेतून उठलेले सहा-सात गडी आले. चाकांपुढे झावळ्या टाकून, साखळी लावून मोटार ओढली तोवर लाटा दारांना लागत होत्या. एक मुलगा आपली पिशवी आणायला पाण्यात निघाला होता, त्याला वहिनींनी दंडाला धरून मागे खेचले आणि सगळ्यांदेखत खरमरीत बोलल्या. आईने बोलावे तसे. पोरगा खाली मान घालून उभा राहिला.

मला त्या वेळी २०१६ आठवले. त्या वर्षी १ फेब्रुवारीला इथून जवळच, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली चौदा मुले-मुली बुडून गेली. भर दुपारी, सगळे सोबत असताना. आपल्या खेड्यांतली पोरेही आता सहलीला कोकणात जातात. विहिरीत पोहणाऱ्या पोराला वाटते, आपल्याला पोहता येते. पण विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी ओहोटीला आत ओढते आणि त्या ओढीच्या उलट हात मारून माणूस थकतो. ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे सरळ न झगडता किनाऱ्याला समांतर, आडवे पोहायचे. ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो संपला की मग किनारा धरायचा. मास्तर मंडळी सहल नेत असतील त्यांनी गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय एकाही मुलाला गुडघ्यापुढे जाऊ देऊ नये.

ती मुले उरलेली रात्र दादांच्या ओटीवर झोपली. त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

सकाळी मी वहिनींपाशी चुलीजवळ बसून हिशेब काढला. शेतकऱ्याचे कोणतेही काम बघितले की माझा हात वहीकडे जातो. माणशी बाराशे, आम्ही पाचजण, सहा हजार. त्यात दोन जेवणे, चहा, न्याहरी आणि पोपटी. सामान-सरपणाचे बावीसशे धरले. तंबू खाऱ्या हवेत दोन हंगामांपलीकडे टिकत नाहीत, त्यांची झीज, अंथरुणांची धुलाई, संडास-न्हाणीचे पाणी आणि सफाई यांचे आणखी बाराशे. राहिले सव्वीसशे. दादा म्हणाले, "म्हणजे सव्वीसशे सुटले." मी विचारले, वहिनी किती वाजता उठल्या? चारला. रात्री झोपल्या किती वाजता? मोटारीच्या गोंधळाने अडीचला. हाताखाली शेजारची एक मुलगी, तिला चारशे. आणि वहिनींना? दादा हसले. वहिनी हसल्या नाहीत. पिठले ढवळताढवळता म्हणाल्या, "भावजी, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं."

माझे मत सांगतो. पाहुणे ठेवायचे तर घरच्या बाईची मजुरी दरात आधी धरावी, आणि ती तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात जावी. नाहीतर वाडी राखली पण बाई झिजली, असा सौदा होतो. दारूचा नियमही तिनेच ठरवावा, कारण पिऊन झालेली घाण तिलाच काढावी लागते. या घरात बाटली चालत नाही, आणि तरी हिवाळ्यात शनिवार रिकामा जात नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे त्याखाली नोंदणी करता येते. नोंदणी असली की बँकेत आणि वीज कंपनीत बोलायला कागद हातात असतो. समुद्राकाठच्यांनी आणखी एक बघावे. १९९१ पासून किनारा नियमनाचे नियम लागू आहेत. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात पक्के बांधकाम परवानगीशिवाय करता येत नाही. दादांनी म्हणूनच खोल्या न बांधता तंबू घेतले, आणि तेही वाळूवर नव्हे, स्वतःच्या वाडीत. त्याआधी तहसील कचेरीत जाऊन विचारून आले. तुम्हीही आधी विचारा, मग खर्च करा. देशावरच्यांनी समुद्र नाही म्हणून हळहळू नये. हुरडा आहे, गुऱ्हाळ आहे, आणि आमच्याकडच्यासारखे चांदणे मुंबईच्या उपनगरांत विकतही मिळत नाही.

निघताना घाटकोपरकर गाडीत बसेना. रात्री तो तंबूत झोपलाच नव्हता. माझी घोंगडी घेऊन बाहेर पोफळीच्या रोपाशेजारी पडला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यावर छप्पर नव्हते म्हणाला, आणि गावची राखण आठवली. मास्तराने दोनदा भोंगा वाजवला तेव्हा आला.

वहिनींनी पुढच्या माघातल्या पोपटीसाठी आमची नावे वहीत लिहून घेतली. भांगाच्या दिवसांतली तारीख दिली, आणि दर पंधराशे पडेल, असे दादांच्या देखतच सांगून टाकले.